बँड शाबूत, तरी गायकाचा वेगळा अल्बम का?

१ मार्च २०२४ रोजी रॉक गायक ब्रूस डिकिन्सनचा 'द मँड्रेक प्रोजेक्ट' हा सोलो अल्बम आला. सोलो म्हणजे बँडच्या नावाने नव्हे, स्वतःच्या नावाने काढलेला. डिकिन्सन तेव्हा ६५ वर्षांचा होता आणि त्याचा याआधीचा सोलो अल्बम २००५ चा, म्हणजे मध्ये १९ वर्षं गेलेली. या १९ वर्षांत त्याचा बँड, आयर्न मेडन, काही झोपलेला नव्हता. अल्बम, दौरे सगळं चालूच होतं. २०२४ मध्येही डिकिन्सन आधी स्वतःचे वादक घेऊन गावोगाव फिरला आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा मेडनसोबत ऑस्ट्रेलियात मंचावर उभा राहिला.

एखाद्या मुरलेल्या रॉक गायकाची अशी बातमी आली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, बँड फुटला वाटतं. दोन, पैसे कमी पडले वाटतं. दोन्ही कधीमधी खऱ्या निघतात. बहुतेक वेळा मात्र कारण साधं असतं: एका माणसाला सुचणारं सगळं मावेल इतकी जागा बँडमध्ये नसते. आणि त्यातून भांडण झालंच, तर ते सुरांवरून क्वचित होतं. वेळेवरून होतं.

बँडमध्ये ठरवतं कोण?

ऐकणाऱ्याला बँड एकजीव वाटतो. कागदावर ती एक भागीदारी असते. चार-पाच माणसं, एक नाव, एक व्यवस्थापक, एका रेकॉर्ड कंपनीशी करार. कोणती गाणी घ्यायची, रेकॉर्डिंग कधी, दौरा कुठल्या महिन्यात, यातलं काहीच एकट्याला ठरवता येत नाही. कुठे मतदान होतं, कुठे एकाचा शब्द शेवटचा असतो.

गंमत अशी की ज्याला सगळं जग ओळखतं त्याचाच शब्द शेवटचा असेल असं नाही. आयर्न मेडन १९७५ मध्ये सुरू केला तो बेसवादक स्टीव्ह हॅरिसने. डिकिन्सन त्यात आला १९८१ मध्ये. चेहरा त्याचा, आवाज त्याचा, पण बँडची दिशा ठरवण्यात हॅरिसचं वजन कायम जास्त.

'द हू'चं उदाहरण याहून ठळक आहे. गायक रॉजर डाल्ट्री, पण बहुतेक गाणी लिहिणारा गिटारिस्ट पीट टाउनशेंड. डाल्ट्री ज्या त्वेषाने गायचा तो त्याचा स्वतःचा, शब्द मात्र दुसऱ्याचे. १९७३ मध्ये त्याने पहिला सोलो अल्बम केला तेव्हा त्यातली बहुतेक गाणी डेव्हिड कोर्टनी आणि तेव्हा कुणाला माहीतही नसलेला लिओ सेयर या जोडीची होती. त्यातलं एक गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचलं. घरात टाउनशेंडसारखा लिहिणारा असताना बाहेरच्या नवख्यांची गाणी 'द हू'ने घेण्याचा प्रश्नच नव्हता. डाल्ट्रीला तसलं काही गायचं तर बाहेर पडूनच गावं लागणार.

जागा खरंच इतकी कमी असते?

असते. तबकडीच्या काळात तर ती मिनिटांत मोजता यायची. लाँग प्ले रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटं चांगली बसत. त्याहून जास्त कोंबली की आवाज बारीक आणि कमजोर व्हायचा.

आता फ्लीटवुड मॅक घ्या. या बँडमध्ये गाणी लिहिणारे तिघं: स्टीव्ही निक्स, लिंडसी बकिंगहॅम आणि क्रिस्टीन मॅकव्ही. तिघंही गाणारे, तिघंही दर्जेदार. १९७७ च्या 'रूमर्स'मधून निक्सचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' वगळलं गेलं. एक मोठं कारण लांबी हेच होतं. गाणं दुसऱ्या एका सिंगलच्या, म्हणजे एकाच गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला गेलं आणि निक्सला त्याचं अतोनात वाईट वाटलं. १९८१ मध्ये तिने 'बेला डोना' हा स्वतःचा अल्बम काढला. तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि पुढच्याच वर्षी ती फ्लीटवुड मॅकच्या नव्या अल्बमवर होतीच. यादरम्यान ती बँड सोडून कुठेही गेली नव्हती.

पिंक फ्लॉइडमध्ये तर १९७८ साली रॉजर वॉटर्सने बाकीच्यांसमोर दोन कच्चे आराखडे ठेवले आणि एक निवडायला सांगितलं. बँडने निवडला त्याचा 'द वॉल' झाला. उरलेला वॉटर्सने १९८४ मध्ये सोलो अल्बम म्हणून काढला.

यावर कुणी म्हणेल, आता तबकडीचं बंधन राहिलं कुठे? इंटरनेटवर हवी तितकी गाणी टाका की. पण मिनिटांची अडचण गेली तरी वर्षांची राहिली. मोठे बँड म्हातारे होतात तसे त्यांचे अल्बम विरळ होत जातात. मेडनचा एक अल्बम २०१५ चा, पुढचा थेट २०२१ चा. ज्याला दर महिन्याला काही ना काही सुचतं, त्याने सहा वर्षं वहीत साठवत बसायचं का?

म्हणजे बँडने टाकून दिलेली गाणी सोलो अल्बममध्ये येतात?

हा फार पसरलेला गैरसमज आहे. गाणी दोन्ही दिशांनी ये-जा करतात.

डिकिन्सनने १९८९ मध्ये एका भयपटासाठी एक गाणं केलं, सोलो म्हणून. हॅरिसने ते ऐकलं आणि मेडनसाठी मागून घेतलं. १९९१ च्या सुरुवातीला मेडनच्या आवृत्तीतलं ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि मेडनचं तिथे पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते आजवरचं एकमेव गाणं आहे. पुढे २०१५ च्या मेडन अल्बमची सुरुवात ज्या गाण्याने होते, तेही डिकिन्सनने मुळात आपल्या सोलो कामासाठी रचलेलं. बँडला आवडलं, त्यांनी घेतलं. मग २०२४ मध्ये त्याने थोडं नाव बदलून तेच स्वतःच्या अल्बममध्ये परत आणलं.

उलटा प्रवासही दिसतो. सिस्टम ऑफ अ डाउनचा गायक सर्ज टँकियन याने २०२१ मध्ये जी छोटी ध्वनिमुद्रिका काढली, तिच्यातली गाणी आधी बँडला डोळ्यासमोर ठेवून केलेली होती. बँडचं एकमत झालं नाही, म्हणून ती त्याच्या नावाने आली.

सगळ्यात हलवून टाकणारं उदाहरण क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं. १९८५ च्या त्याच्या सोलो अल्बममधली दोन गाणी क्वीनच्या बाकी तिघांनी त्याच्या मृत्यूनंतर नव्याने वाजवली. आवाज जुना, भोवतीचं वादन नवं. ती १९९५ च्या क्वीनच्या अल्बममध्ये आली. ज्याला लोक 'बँडबाहेरचं काम' म्हणत होते तेच शेवटी बँडच्या उपयोगी पडलं.

पैशाचं गणित कसं असतं?

रेकॉर्ड केलेल्या प्रत्येक गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात, आणि इथे बरेच लोक गोंधळतात. घराचा नकाशा आणि बांधलेलं घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तसं समजा. नकाशा म्हणजे गाण्याचे शब्द आणि चाल. तो रचणाऱ्याचा. बांधलेलं घर म्हणजे ध्वनिमुद्रण, आणि ते बहुतेक वेळा पैसा घालणाऱ्या रेकॉर्ड कंपनीचं. एकाच नकाशावरून दुसरं घर उभं राहू शकतं, तसं एकाच गाण्याचं दुसरं ध्वनिमुद्रण होऊ शकतं. दर वेळी नकाशावाल्याला त्याचा वाटा मिळतो. या वाट्याला रॉयल्टी म्हणतात.

यावरून कळेल की बँडमधले सगळे सारखे का कमवत नाहीत. गाणी एकट्याने लिहिणारा बाकीच्यांपेक्षा कितीतरी पुढे जातो. म्हणून आर.ई.एम.सारख्या बँडने पहिल्यापासून प्रत्येक गाण्यावर चौघांची नावं घातली, आणि क्वीननेही १९८९ च्या अल्बमपासून रचनाकार म्हणून फक्त 'क्वीन' लिहायला सुरुवात केली. तोवर क्वीनमध्ये कुणाचं गाणं अल्बमवर जाणार यावरून बरीच ओढाताण चालायची.

सोलो अल्बममध्ये वाटेकरी कमी, हे खरं. पण खर्चाचा भारही एकट्यावर येतो. रेकॉर्ड कंपनी आगाऊ रक्कम देते ती बक्षीस म्हणून देत नाही. स्टुडिओ, वादक, व्हिडिओ यांचा खर्च ध्वनिमुद्रणावर कलाकाराला मिळणाऱ्या रॉयल्टीतून वळता होतो आणि तो फिटेपर्यंत हातात फारसं काही येत नाही. मोठ्या बँडच्या गायकाला नुसता पैसाच हवा असेल तर त्याने बँडचा दौरा करावा, सोलो अल्बम नव्हे. १९८७ मध्ये वॉटर्सला हे चांगलंच जाणवलं. तो बाहेर पडल्यानंतरचा पिंक फ्लॉइड स्टेडियमं भरवत होता, आणि त्या बँडच्या कित्येक गाजलेल्या गाण्यांचा कर्ता वॉटर्स त्याच वर्षी स्वतःच्या नावावर त्याहून छोट्या सभागृहांत वाजवत होता. लोक बरेचदा माणसाचं नव्हे, पाटीवरच्या नावाचं तिकीट काढतात. हे कडू आहे, पण आहे.

एक बारीक कलम आणखी. बँडच्या करारात बहुधा असं लिहिलेलं असतं की सदस्य वेगळा झाला तर त्याच्या सोलो कामावर पहिला हक्क त्याच कंपनीचा. हे कलम नसेल तर एकच गायक दोन कंपन्यांकडे विभागला जातो. रॉड स्टुअर्टचं तसंच झालं: सोलो करार एका कंपनीशी, त्याच्या 'फेसेस' या बँडचा दुसरीशी. १९७१ मध्ये त्याचं सोलो गाणं अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं आणि फेसेस हा हळूहळू स्टुअर्टच्या मागे वाजवणारा संच समजला जाऊ लागला. १९७४ च्या त्यांच्या लाइव्ह अल्बमवर नावच 'रॉड स्टुअर्ट / फेसेस' असं आलं. १९७५ अखेर बँड संपला.

मग जॅगर आणि रिचर्ड्स कशावरून भांडले?

सोलो अल्बमवरून पेटलेल्या भांडणांत हे सगळ्यात नावाजलेलं, म्हणून जरा सविस्तर पाहू.

१९८३ मध्ये रोलिंग स्टोन्सने सीबीएस या कंपनीशी मोठा करार केला. त्याच सुमारास बँडचा गायक मिक जॅगर याने त्याच कंपनीशी स्वतःच्या सोलो अल्बमांचंही ठरवलं. बाकीच्यांना विश्वासात न घेता हे झालं, असा गिटारिस्ट किथ रिचर्ड्सचा राग होता आणि २०१० च्या आत्मचरित्रात त्याने तो लपवलेला नाही. फेब्रुवारी १९८५ मध्ये जॅगरचा पहिला सोलो अल्बम आला. १३ जुलै १९८५ ला फिलाडेल्फियातल्या लाइव्ह एड कार्यक्रमात दोघंही हजर होते, पण एकत्र नव्हते. जॅगर 'हॉल अँड ओट्स' या जोडीच्या वादकांसह आणि टीना टर्नरबरोबर गायला. रिचर्ड्स आणि स्टोन्सचाच दुसरा गिटारिस्ट रॉनी वुड बॉब डिलनच्या बाजूला गिटार घेऊन उभे होते. एकाच मंचावर, एकाच संध्याकाळी.

१९८६ मध्ये स्टोन्सचा नवा अल्बम आला आणि रिचर्ड्सला त्यासाठी दौरा हवा होता. जॅगर नाही म्हणाला. तो दुसऱ्या सोलो अल्बमच्या मागे होता, आणि तो १९८७ मध्ये आला. माझ्या मते खरी ठिणगी इथे पडली. १९८८ मध्ये जॅगर जपानला स्वतःचा दौरा घेऊन गेला आणि तिथे ढिगाने स्टोन्सची गाणी गायला. म्हणजे बँडच्या गाण्यांसाठी वेळ होता, बँडसाठी नव्हता. रिचर्ड्सनेही त्याच वर्षी आपला सोलो अल्बम काढला आणि त्यातल्या एका गाण्यात जॅगरला चांगलंच सुनावलं.

१९८९ मध्ये दोघं पुन्हा एकत्र आले, अल्बम झाला, प्रचंड दौरा झाला. आता पुढचं पाहा. १९९२ मध्ये रिचर्ड्सचा दुसरा सोलो अल्बम आला, १९९३ मध्ये जॅगरचा तिसरा. कुठेही स्फोट झाला नाही. माणसं तीच, स्वभाव तेच, सोलो कामही तेच. फरक एवढाच की दौरा १९९० मध्ये संपला होता आणि बँडचा पुढचा अल्बम १९९४ चा होता. मधली वर्षं मोकळी होती आणि दोघांनीही ती स्वतःसाठी वापरली.

गिटारिस्टने केलं तर कुणी ओरडत नाही, गायकाने केलं की का?

कारण आवाज उसना देता येत नाही. ड्रमरने बाहेर जाऊन अल्बम केला तर रस्त्यावरच्या माणसाला त्यात त्याचा बँड ऐकू येईलच असं नाही. गायक कुठेही गायला, अगदी सनई-चौघड्यावर गायला, तरी पहिल्याच ओळीत बँड आठवतो. सोलो अल्बम काढून गायक बँडचीच ओळख बाहेर घेऊन जातो, असं बाकीच्यांना वाटतं, आणि ते अगदीच चूक नाही.

तरीही गायक गेला म्हणजे बँड गेला, हा नियम नाही. १९८५ च्या सुरुवातीला डेव्हिड ली रॉथने सोलो ध्वनिमुद्रिका काढली आणि काही महिन्यांत तो व्हॅन हेलनमधून बाहेर पडला. नवा गायक सॅमी हॅगर आला आणि १९८६ चा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. पीटर गॅब्रिएलने १९७५ मध्ये जेनेसिस सोडला तेव्हा बँडने गाण्यासाठी आपल्याच ड्रमरला पुढे केलं. तो फिल कॉलिन्स. १९८१ पासून कॉलिन्सने जेनेसिसमध्ये राहून स्वतःचे सोलो अल्बमही केले, आणि दोन्हीकडे यश इतकं वाढलं की ऐकणाऱ्यांना कुठलं गाणं कुणाचं ते सांगता येईना. जर्नी या बँडला तर २००७ मध्ये नवा गायक यूट्यूबवर सापडला, फिलिपिन्सचा आर्नेल पिनेडा.

वयाचा काही संबंध?

आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. वय वाढतं तसे गळ्यातल्या स्वरतंतूंचे स्नायू पातळ होतात, त्यांच्याभोवतीच्या कूर्चा कडक होतात, दम कमी पुरतो. रॉकमधली गाणी गायकाने विशी-तिशीत, तार सप्तकात, विजेच्या गिटारींच्या गदारोळावर चढून गायलेली असतात. पन्नास वर्षांनी लोकांना तेच, त्याच पट्टीत हवं असतं. बँड पट्टी थोडी उतरवतो, पण किती उतरवणार? गाण्याचा रंगच बदलतो.

सोलो कामात हा जाच नसतो. नवं गाणं आजच्या गळ्याला बेतून करता येतं. लेड झेपेलिनचा रॉबर्ट प्लांट हे सगळ्यात उमजून करणारा गायक. १९८० मध्ये ड्रमर जॉन बोनमच्या मृत्यूनंतर बँड थांबला. १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू सभागृहात उरलेले तिघं बोनमच्या मुलाला ड्रमवर घेऊन एका कार्यक्रमापुरते एकत्र आले. पुढे मोठा दौरा होईल अशी सगळ्यांना आशा होती. प्लांटने मात्र त्याच वर्षी अमेरिकन गायिका अ‍ॅलिसन क्रॉसबरोबर अल्बम केला होता, ज्यात तो जवळजवळ कुजबुजत गातो. तो तिच्याबरोबर दौऱ्यावर गेला, आणि २००९ मध्ये त्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. झेपेलिनचा दौरा झालाच नाही. चाहते अजून हळहळतात. मला त्याचा निर्णय पटतो.

डाल्ट्रीने २०१८ मध्ये ७४ व्या वर्षी काढलेला सोलो अल्बमही ऐकण्यासारखा आहे. आवाज खरखरीत झालाय, पण गाणी त्या खरखरीला शोभणारी निवडली आहेत.

बातमी वाचताना काय पाहावं?

मुलाखतींवर फार विसंबू नका. "आम्ही अजूनही भावांसारखे आहोत" हे वाक्य भांडण ऐन भरात असतानाही म्हटलं जातं. तारखा पाहा. सोलो दौरा बँडच्या दोन दौऱ्यांच्या मधल्या फटीत बसलाय की बँडच्या ठरलेल्या कामावर आलाय? आणि बँडमधलं कुणी सोलो अल्बमवर वाजवतंय का तेही पाहा.

डिकिन्सनचंच घ्या. १९९० मध्ये पहिला सोलो अल्बम आला तेव्हा तो बँडमध्येच होता. १९९३ मध्ये त्याने मेडन खरोखर सोडला. १९९७ आणि १९९८ च्या त्याच्या सोलो अल्बमांवर गिटार वाजवायला आला एड्रियन स्मिथ, जो स्वतः १९९० मध्ये मेडनमधून गेला होता. १९९९ मध्ये दोघंही मेडनमध्ये परतले. बँडपासून लांब नेणारं म्हणून ज्या कामाकडे बोट दाखवलं जातं, त्याच कामात जुन्या दोन सोबत्यांचा हात पुन्हा एकमेकांना लागला होता.

बँडची गाणी सोलो कार्यक्रमात गायला परवानगी लागते?

वेगळी अशी सहसा लागत नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमात गाणं सादर करण्याचा परवाना बहुतेक देशांत सभागृह किंवा आयोजक एकगठ्ठा घेतात आणि गाण्याच्या रचनाकाराला त्यातून वाटा जातो. त्यामुळे जॅगर जपानमध्ये स्टोन्सची गाणी गायला तेव्हा सहलेखक म्हणून रिचर्ड्सचाही त्यात वाटा होताच. प्लांटने क्रॉसबरोबरच्या दौऱ्यात झेपेलिनची गाणी गायली, पण पार वेगळ्या, संथ ढंगात.

नावाचं तसं नाही. बँडचं नाव हा ट्रेडमार्क, म्हणजे नोंदवलेली व्यापारी ओळख असते, आणि ती कुणाकडे राहणार यावरून सगळ्यात कडवट खटले होतात. वॉटर्सने पिंक फ्लॉइड सोडल्यावर हे नाव पुढे वापरलं जाऊ नये म्हणून १९८६ मध्ये कोर्ट गाठलं. १९८७ च्या अखेरीस समझोता झाला: नाव बँडमध्ये उरलेल्या डेव्हिड गिल्मोर आणि निक मेसनकडे राहिलं, 'द वॉल' रंगमंचावर सादर करण्याचे हक्क वॉटर्सकडे. अशा समझोत्यांमध्ये कधीकधी इतकी बारीक कलमं असतात की सोलो कार्यक्रमाच्या जाहिरातीवर 'पूर्वी अमुक बँडमध्ये' ही ओळ गायकाच्या नावापेक्षा किती लहान अक्षरात छापायची, तेही ठरवून दिलेलं असतं.